कोपऱ्यातलं बटण

रात्री ‘अपडेट करा आणि बंद करा’ एवढंच दिसत होतं.
नुसतं ‘बंद करा’ कुठे गेलं म्हणून शोधलं थोडा वेळ,
पण डेअरी बंद व्हायला आली होती
आणि घरी विरजणाला दूध नव्हतं.
दाबलं.

सकाळी शटर वर करून मशीन चालू केलं
तर कुणीतरी आत शिरून
सगळं सामान हलवून, भिंतींना रंग देऊन
वर मलाच म्हणत होतं, ‘या! आम्ही सोपं केलंय.’

डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध आलंय.
एकोणीस वर्षं हात तिकडे जातोय, न बघता,
अंधारात मोरीच्या दिव्याकडे जातो तसा.
आता तिथे गेला की हवामान उघडतं.
घणसोली, एकतीस अंश, धुरकट,
आणि खाली कुठल्याशा नटीचं लग्न.

राइट क्लिक केलं तर यादी अर्धीच.
शब्दांच्या जागी चित्रं, नखाएवढी.
कात्री ओळखली. बाकीच्यांत
नाव बदलायचं कुठलं नि पुसायचं कुठलं
हे कळेपर्यंत एक भाडेकरार गेला कचऱ्याच्या डब्यात.
तळाशी बारीक अक्षरात ‘आणखी पर्याय दाखवा’.
म्हणजे आहेत. फक्त वरच्या फळीवर ठेवलेत,
पोरांचा हात पोचू नये म्हणून चिवडा ठेवतात तसे.

आणि खिडक्यांचे कोपरे गोल कशाला?
इथे कुणाचं मूल रांगतंय?
मी बावन्न वर्षांची बाई,
प्रतिज्ञापत्रं टाइप करते,
मला आजवर खिडकीचा कोपरा लागलेला नाही.

प्रिंटरसाठी तीन नवी पानं फिरवून
शेवटी सोडलं त्याच जुन्या करड्या चौकटीत.
तशीच होती ती. चौकोनी. ‘ओके’, ‘रद्द’.
बाजारात माहेरचं माणूस दिसावं तसं झालं,
दोन मिनिटं उगाच उघडी ठेवली.

हसुराम म्हात्रे स्टुलावर बसलेले.
गरजेपोटी बांधलेल्या घराचा अर्ज,
चौथ्यांदा. मजकूर तोच, तारीख तेवढी बदलायची.
फाइल सापडेना.
‘काय शोधतंस गो बाय?’
‘बटण होतं इथे, नाहीये.’
ते हसले. दात कमी, हसू जास्त.
‘आमचा शेत व्हता. एक दिस सकाली पायलं,
त सेक्टर नऊ.
मना कोनी इचारलं?
अजून बी पाय बांधावरशी वलतान.
थय आता एटीएम हाय.
उबा ऱ्हातंय त्याच्या म्होरं,
कारड नाय माज्याकरं.’

मी काही बोलले नाही.
माऊस हलवत राहिले.
कडेची पट्टी केसाएवढी बारीक,
बाण जवळ नेला तरच जाडी होते,
लांब गेला की गायब.

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला तौसिफ आला,
चहाचा ग्लास एका हातात धरून दुसऱ्याने
चार ठिकाणी टकटक केलं.
बटण परत डाव्या कोपऱ्यात.
‘काकू, सेटिंगमध्येच होतं की.’

हसुराम पुढे वाकून पाहत होते.
‘याला इचार,’ म्हणाले,
‘बांध बी हाय काय त्या सेटिंगात.’
तौसिफला कळलं नाही. तो ग्लास घेऊन गेला.

अर्ज सापडला ‘अलीकडचे’ नावाच्या खणात,
दोन वर्षांपूर्वीचा.
तारीख बदलली. महोदय तेच ठेवले.
दोन प्रती, वीस रुपये,
त्यांनी नाण्यांत दिले, मोजून.

ते गेल्यावर नवीन पान उघडायला
हात उचलला
तर तो मधोमध गेला.